चार सीटचं विमान आणि मागे बसलेली पोरं

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात हल्ली एखादा तरी पायलट भेटतोच. एअरलाइनचा नव्हे, आठवडाभर ऑफिस करायचं आणि शनिवारी क्लबचं छोटं सेस्ना विमान भाड्याने घेऊन उडायचं, या जातीचा. मीही त्यातलीच. लायसन्स मिळालं की शेजारी पहिल्यांदा नवरा किंवा बायको बसते, मग भारतातून आलेले आईबाबा, आणि त्यानंतर घरात विचारणा सुरू होते: पोरांना कधी नेणार?

हा लेख त्या टप्प्यावर आलेल्यांसाठी आहे. यातले नियम अमेरिकेतले, तिथल्या विमान नियामकाचे, म्हणजे एफएएचे. भारतात फ्लाइंग क्लबच्या विमानातून घरच्यांना न्यायचं तर डीजीसीएचे आणि त्या क्लबचे नियम पाहावे लागतील. कान, उलटी आणि ऐन वेळी लागलेली शू मात्र सगळीकडे सारखीच.

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगून टाकते. इंजिन चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत पायलट कुणाचा बाप नसतो आणि कुणाची आई नसते. मागे मूल रडलं, ओकलं, त्याची बाटली पडली, तरी पायलटने मान वळवायची नाही. हे तोंडाने म्हणायला सोपं आहे, आईच्या कानाला फार अवघड. म्हणून सगळी तयारी अशी करायची की मान वळवायची वेळच येऊ नये.

आधी तुमची तयारी

कायद्याला फार थोडं पुरतं. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, आणि २४ महिन्यांच्या आत इन्स्ट्रक्टरबरोबर झालेला फ्लाइट रिव्ह्यू, एवढ्यावर दिवसा प्रवासी नेता येतात. पोरांना न्यायला एवढं पुरेसं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

यामागचं कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे. आपलं सगळं शिक्षण पुढच्या दोन सीटवर झालेलं असतं आणि मागची सीट रिकामी असते. मागे माणसं आणि सामान भरलं की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. योक (विमानाचं स्टिअरिंग) हलका लागतो, ट्रिमची (योकवरचा जोर कमी करणाऱ्या चाकाची) जागा बदलते, आणि उतरताना नाक उचलायला नेहमीइतका जोर लावलात तर ते जरा जास्तच वर येतं. ही नवलाई पोरं मागे असताना पहिल्यांदा अनुभवायची नाही. एखाद्या इन्स्ट्रक्टरला शेजारी घ्या, दोन धडधाकट मित्रांना मागे बसवा, वजनाचा हिशोब करा आणि चार-सहा लँडिंग काढा. मित्र तयार होतात. लँडिंगनंतरचं जेवण तुमच्याकडून असलं की झालं.

दुसरी तयारी जोडीदाराची. लहान मूल असेल तर त्याच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवंच, आणि ते माणूस पायलट नसावं. दोन वर्षांच्या मुलाला मागे एकटं बसवून पुढे एकट्याने विमान उडवणाऱ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर दिसतात. दिसोत बापडे. तुम्ही नवीन आहात, तुम्ही तसं करू नका. मागे बसणाऱ्या मोठ्या माणसाला निदान एवढं शिकवा: हेडसेटवर कसं बोलायचं, दार कसं उघडायचं, मुलाच्या सीटचा पट्टा न बघता कसा सोडायचा. पुढे बसणारं असेल तर रेडिओचं बटण, १२१.५ ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा कोड कसा लावायचा हेही. उड्डाणात फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलरने रडारवर आपल्या विमानावर नजर ठेवायची सोय) घेतलंत तर कंट्रोलर आधीपासूनच ओळखीचा असतो. त्याच फ्रीक्वेन्सीवर नुसतं 'पायलट आजारी आहे' म्हटलं तरी मदत सुरू होते.

मुलाची ओळख, जमिनीवर

पहिल्या भेटीत उडायचं नाही. विमानतळावर जा, क्लबची परवानगी घेऊन विमानात नुसतं बसा. मागच्या सीटवर चढायला पुढची सीट सरकवावी लागते, दार छोटं असतं, आत पेट्रोलचा आणि जुन्या गालिच्याचा वास येतो. मोठ्यांना हे जाणवतही नाही. तीन वर्षांच्या मुलाला त्या वासानेच रडू फुटू शकतं. तिथेच दहा मिनिटं खेळू द्या, बिस्कीट खाऊ द्या, आणि घरी या.

हेडसेटची सवय घरीच लावायची. विमानात तो चढवून घेणं ही अर्धी लढाई असते, आणि ती धावपट्टीच्या तोंडाशी लढायची नसते. मी मिक्सर लावला की मुलांना हेडसेट घालून स्वयंपाकघरात बोलवायचे. चटणी वाटताना घरात काय आवाज होतो आणि हेडसेटमध्ये काय होतो, यातला फरक कळला की मूल तो स्वतःहून मागतं.

आठ वर्षांच्या वरच्या मुलांसाठी आणखी एक चांगली वाट आहे. ईएए या संस्थेचा 'यंग ईगल्स' उपक्रम १९९२ पासून चालू आहे. ८ ते १७ वयाच्या मुलांना अनुभवी पायलट स्वतःच्या विमानातून फुकट चक्कर मारून आणतात. आपलं मूल आधी दुसऱ्या, जास्त तास उडलेल्या माणसाबरोबर जाऊन आलं तर त्यात कमीपणा कसला?

सीट आणि पट्टा

इथे जरा वेळ घ्या, कारण इथेच लोक कायद्याच्या आडोशाला उभे राहतात. एफएएच्या नियमाप्रमाणे दुसरा वाढदिवस होईपर्यंत मूल मोठ्यांच्या मांडीवर बसू शकतं. बसू शकतं म्हणून बसवायचं असं नाही. वीस पौंडांचं बाळ जोराच्या धक्क्यात नऊपट जड झालं तर हातात एकशे ऐंशी पौंड येतात. कोणत्याही आईच्या हातात तेवढी ताकद नसते, मायेने कितीही घट्ट धरलं तरी.

२००९ मध्ये मॉन्टानातल्या ब्यूट इथे एक पिलेटस विमान पडलं. त्यात १४ जण गेले, त्यातली ७ मुलं होती. विमानातल्या सीटपेक्षा माणसं जास्त होती, आणि सातपैकी किमान चार मुलं नीट पट्ट्यात बांधलेली नव्हती असं एनटीएसबीच्या, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, तपासात दिसलं. अपघाताचं कारण ते नव्हतं, इंधनातल्या बर्फाचं होतं. तरी त्यानंतर एनटीएसबीने एफएएला शिफारस केली की छोट्या विमानांतही प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा असावा. नियम व्हायची वाट कशाला पाहायची?

गाडीतली कार सीट चालते, मात्र तिच्यावर मोटारीबरोबर विमानातही वापरायला प्रमाणित असल्याचं लाल अक्षरात छापलेलं हवं. बूस्टर सीट चालत नाही, मग तिच्यावर काही का लिहिलेलं असेना. मोठ्या विमानांच्या सीटला मागून गुंडाळतात ते केअर्स नावाचे पट्टे एअरलाइनच्या सीटसाठी बनवलेले आहेत. सेस्नाच्या बाकासारख्या सीटवर ते बसवायचा खटाटोप करू नका.

विमानात गाडीसारखे लॅचचे हुक नसतात, सीट कमरेच्या पट्ट्याने आवळावी लागते. अडचण कुठे येते सांगते. पट्ट्याचं बकल नेमकं कार सीटच्या पट्टा जायच्या खाचेत अडकतं आणि मग ना घट्ट होतं, ना पटकन सुटतं. हे घरी कळत नाही. म्हणून विमानाच्या त्या पहिल्या भेटीतच कार सीट बसवून, गुडघा टेकवून, पट्टा ओढून बघा. मग डोळे मिटून तो सोडून बघा. जमलं नाही तर दुसरी, साधी सीट शोधा. गाडीतली कपहोल्डर-बिल्डरवाली भारदस्त सीट तशीही नको. तिचं वजन पंचवीस पौंड असतं आणि रुंदीत ती मागचा अर्ध्याहून जास्त बाक खाते. साधी स्वस्त सीट दहा-बारा पौंडांची मिळते, आणि विमानासाठी तीच चांगली.

मागे तोंड करून बसवायची सीट पुढे, पायलटच्या शेजारी कधीही ठेवू नका. योक मागे यायला जागा लागते, आणि ती जागा नसेल तर विमानाचं नाक वर होत नाही. थोडं मोठं मूल पुढे बसवायचा मोह होतो, फोटोही छान येतो. पण पाय पेडलपर्यंत पोचतात आणि तोंडी सूचना अजून पोचत नाहीत असं एक वय असतं. ते सरेपर्यंत मागेच. सेस्नाच्या नव्या विमानांत कमरेच्या पट्ट्यातच एअरबॅग असते. तसं विमान असेल तर मुलाची सीट बसवण्याआधी विमानाच्या पुस्तकातली त्याबद्दलची सूचना वाचा.

वजन: आजी की आजोबा

चार सीट आहेत म्हणजे चार माणसं बसतील असं नाही. सेस्ना १७२एस घेऊ. कमाल वजन २५५० पौंड. रिकामं विमान १६८० धरलं तर हाताशी उरतात ८७०. बाबा १८०, आई १४५, आजी १३०, मूल ३८, त्याची सीट १२: झाले ५०५. डायपरची बॅग, पाणी, खाऊ, फुगवलेलं काहीतरी खेळणं मिळून ४५. एकूण ५५०. उरले ३२०. पूर्ण भरलेल्या टाकीतलं वापरण्याजोगं ५३ गॅलन इंधन ३१८ पौंडांचं. म्हणजे दोन पौंड शिल्लक!

आता आजीऐवजी १७० पौंडांचे आजोबा बसले तर सात गॅलन इंधन कमी भरावं लागेल, म्हणजे साधारण पाऊण तासाचं उड्डाण गेलं. दिवसा अर्ध्या तासाचं राखीव इंधन कायद्याला पुरतं. मुलं असताना मी तासाभराच्या खाली जात नाही, कारण धावपट्टीवर कुणाचं टायर फुटलं तर दुसऱ्या विमानतळावर जायला लागतं आणि मागे मूल असताना इंधनाचा काटा बघत बसायचं नसतं.

प्रत्येकाचं खरं वजन विचारा. आत्या-मावश्यांना विचारायला संकोच वाटतो, तर घरी वजनकाटा ठेवा आणि बॅगेसकट सगळ्यांना उभं करा. मुलांचं वजन दर वेळी नव्याने घ्या. नुसती बेरीज करून थांबू नका, कोण कुठे बसतं त्याप्रमाणे गुरुत्वमध्यही काढा. लेक टाहोसारख्या ठिकाणी, जिथला विमानतळ सहा हजार फुटांच्या वर आहे, उन्हाळ्याच्या दुपारी भरल्या विमानाने जाऊ नका. पातळ हवेत इंजिन आणि पंख दोन्ही अंग चोरतात.

कान

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. कानाचे प्रश्न दोन आहेत, आवाजाचा आणि दाबाचा, आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

छोट्या विमानात आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास सहज जातो. मोठ्यांचा हेडसेट मुलाच्या डोक्यावर सैल बसतो, बाजूने आवाज शिरतो आणि मूल कुरकुरतं. आपल्याला वाटतं ते हट्ट करतंय. मुलांच्या मापाचे हेडसेट मिळतात, डेव्हिड क्लार्कचा त्यात जुना आणि दणकट. तान्ह्या बाळांसाठी मायक्रोफोन नसलेले, मऊ पट्ट्याचे इअरमफ येतात. चालू विमानात मूल कान उघडे ठेवून बसलं तर परत फिरायचं, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एकदा खरोखर परत फिरलात की पुढच्या वेळी वाद होत नाही.

दाबाचं गणित उतरताना असतं. वर जाताना कानातली हवा आपोआप बाहेर पडते. खाली येताना घसा आणि कान जोडणारी बारीक नळी उघडावी लागते, आणि ती उघडते गिळल्यावर, जांभई दिल्यावर. लहान मुलांची ती नळी अरुंद असते. झोपलेलं मूल फारसं गिळतच नाही, म्हणून छान झोपलेलं मूल उतरताना एकदम किंचाळून उठतं. खाली यायला सुरुवात करण्याआधी त्याला उठवा. जिवावर येतं, पण उठवा.

पायलटने करायचं ते एकच: सावकाश खाली या. मिनिटाला ३०० फूट. साडेपाच हजारांवरून हजारावर यायला या हिशोबाने पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ११० नॉटच्या वेगाने विमान २७-२८ सागरी मैल पुढे जातं. म्हणजे विमानतळ तीस मैलांवर असतानाच खाली यायला लागा. फ्लाइट फॉलोइंगवर असाल तर कंट्रोलरला सांगा की लहान मूल आहे, हळू उतरतोय. जमिनीजवळच्या हवेत दर हजार फुटांमागे दाब जास्त बदलतो, तेव्हा शेवटच्या टप्प्यात घाई नको.

मागच्या माणसाने या पंधरा मिनिटांत बाटली, सिपर, चोखणी, जे चालतं ते चालू ठेवायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाची थोडी पंचाईत होते. उतरायला लागल्यावर सुरुवातीला मांडीवर घेऊन पाजता येतं, पण विमानतळ जवळ आला की बाळ परत सीटमध्ये आणि पट्टा आवळलेला. काढून ठेवलेलं दूध बाटलीत सोबत असलं तर तिथून पुढे ते चालतं. आणि रडलं तर रडू द्या, रडण्यानेही कान सुटतात.

सर्दी असेल तर जायचं नाही. कान दुखत असेल, नुकतंच कानाचं इन्फेक्शन झालं असेल, तरी नाही. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

उंचीचंही इथेच सांगते. कायदा प्रवाशांना ऑक्सिजन द्यायची सक्ती पंधरा हजार फुटांवर करतो, आणि ती मोठ्यांसाठीसुद्धा फार उशिरा आहे. किनाऱ्यालगत उडायला साडेतीन-साडेपाच हजार भरपूर होतात. मुलं असताना आठ हजारांच्या वर जावं लागेल असा रस्ता मी निवडत नाही.

हीटर

हिवाळ्यात उडणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहिते. या विमानांचा हीटर एक्झॉस्टच्या गरम नळ्यांभोवतीची हवा आत सोडतो. नळीला बारीक चीर असली तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, ना रंग ना वास. त्याची लक्षणं म्हणजे पेंग, डोकेदुखी, मळमळ. विमानात पेंगणारं आणि ओकणारं मूल बघून कुणाला संशय येणार? म्हणून आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर सोबत ठेवाच. पॅनलवर चिकटवलेली रंग बदलणारी टिकली कुणी बघत नाही. डिटेक्टर वाजला की हीटर बंद, बाहेरच्या हवेच्या खिडक्या उघड्या, आणि जवळच्या विमानतळावर उतरायचं.

पोट आणि शू

दोन वर्षांच्या आतल्या मुलांना विमान सहसा लागत नाही. त्यानंतर बारा-तेरापर्यंत लागतं. वरंध घाटात गाडी थांबवायला लावणारं मूल विमानातही तेच करणार असं धरून चाला. त्याला उंच बसवा म्हणजे बाहेरचं क्षितिज दिसेल, गार हवेची नळी तोंडाकडे वळवा, आणि आयपॅड काढून घ्या. पिशव्या हाताशी ठेवा, मागच्या सामानात नाही. तोंड रुंद असलेली, झिप लागणारी पिशवी सगळ्यात बरी. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्या असतात. चघळत ठेवल्या की मळमळ जरा कमी होते असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. लहानांना मात्र तुकडा घशात अडकेल म्हणून देत नाही. गोळ्या द्यायच्या तर बालरोगतज्ज्ञांना विचारून.

चिवडा घरी ठेवा. शेंगदाणे आणि काजू हलत्या विमानात लहान मुलाच्या हातात नकोत, आणि पोहे तुम्हाला सीटच्या रुळांमध्ये पुढची दोन वर्षं सापडत राहतील. केळं, मऊ पोळीचा गुंडाळलेला तुकडा, चीज, एवढं पुरे. आदल्या रात्री मिसळ नको. आठ हजार फुटांवर पोटातला वायू जमिनीवरच्यापेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. बाळाच्या पोटात दुखायला तेवढं पुरतं, आणि केबिन छोटी असते.

शूसाठी वेगळा उपाय नाही, उड्डाण छोटं ठेवायचं. पहिलं वीस-तीस मिनिटांचं. नंतरही एका वेळी तासाभराच्या वर नको. निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं, 'नाही आली' म्हणणाऱ्यांनीसुद्धा. डायपर सुटलेल्या मुलालाही त्या दिवशी डायपर घाला, लाजवू नका.

निघायच्या दिवशी

उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. दुपारी जमीन तापली की गरम हवा वर उसळते आणि विमान खडखडतं. आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात यात एक गंमत आहे: सकाळी हवा शांत असते खरी, पण किनाऱ्यावर धुक्याचा थर बसलेला असतो. समुद्रकाठच्या हाफ मून बे या गावी साडेअकरापर्यंत विमानतळच दिसत नाही असे दिवस येतात. त्या दिवशी समुद्राकडे न जाता डोंगराच्या अलीकडे जा. कॅलिफोर्नियातल्याच कोलंबिया गावाचा विमानतळ मुलांना फार आवडतो. तिथून चालत जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावात जाता येतं, घोडागाडी असते. जवळच्यांना सॅन कार्लोसही चांगलं, विमानतळाला लागूनच हिलर म्युझियम आहे.

विमानाची तपासणी मुलं येण्याआधी पूर्ण करा. टाकीतलं इंधन नळीत काढून बघता, ते हाताला लागतं, आणि बहुतेक ठिकाणचं विमानाचं पेट्रोल, १००एलएल, आजही शिशाचं असतं. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवतीच्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास २०२१ मध्ये आला, आणि १ जानेवारी २०२२ पासून सांता क्लारा काउंटीने आपल्या विमानतळांवर शिशाचं इंधन विकणं बंद केलं. तुमच्या विमानतळावर ते मिळत असेल तर तपासणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाच्या बाटलीला हात लावू नका. नुसतं पुसून भागत नाही.

मुलं गाडीतून उतरली की थेट हाताला धरून विमानापर्यंत, मध्ये हात सोडायचा नाही. फिरणारा पंखा (प्रोपेलर) दिसत नाही, म्हणून थांबलेल्या पंख्यालाही फिरणारा समजायचं: त्याच्या समोरून कुणी जायचं नाही, चावी पायलटच्या डोळ्यांसमोर डॅशवर. पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडा नेमक्या मुलांच्या कपाळाच्या उंचीवर येतात, तेही बघा. इंजिन चालू असताना कुणी चढायचं नाही, उतरायचं नाही. 'आजीला फक्त सोडायचंय' असलं तरी नाही.

सगळ्यांना बसवून, पट्टे लावून, हेडसेट चढवून मगच इंजिन. उन्हात उभं असलेलं विमान भट्टीसारखं तापतं आणि एसी नसतो, तेव्हा चेकलिस्ट वाचण्यातला वेळ मुलं बसायच्या आधी संपवा.

हवेत

ऑडिओ पॅनलवर पायलटला वेगळं काढणारं बटण असतं. ते दाबलं की तुम्हाला फक्त रेडिओ ऐकू येतो, आणि बऱ्याच पॅनलवर मागची मंडळी आपसात बोलत राहू शकतात. हे बटण कुठे आहे ते अंधारात चाचपून सापडलं पाहिजे.

हाफ मून बेला टॉवर नाही, प्रत्येक पायलट आपली जागा रेडिओवर सांगतो. तुम्ही डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जायचा टप्पा) आहात, आणि मागून आवाज येतो, "आई, माझा निळा क्रेयॉन खाली पडला." त्याच सेकंदाला कुणीतरी आपण फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, असल्याचं सांगतं. दोन्ही वाक्यं एकमेकांत मिसळली तर आईला क्रेयॉन ऐकू येतो, विमान नाही. म्हणून विमानतळ दहा मैलांवर आला की आमच्याकडे मी "आता शांत" म्हणते आणि बटण दाबते. मागे काय चाललंय ते मला कळत नाही. नवऱ्याला खरंच काही सांगायचं असेल तर तो खांद्यावर थाप मारतो. उलटी हे थाप मारायचं कारण नाही, असं आमचं ठरलेलं आहे.

मधल्या शांत वेळात मात्र मुलांशी भरपूर बोला. कुठली नदी, कुठला रस्ता, आपलं घर कुठल्या बाजूला. मोठ्या मुलाला दुसरी विमानं शोधायचं काम द्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

न जाणं

हाफ मून बे म्हटलं की इथल्या पायलटांना जेसिका ड्यूब्रॉफ आठवते. सात वर्षांची मुलगी, एप्रिल १९९६ मध्ये तिथून देश ओलांडायला निघाली, सोबत वडील आणि इन्स्ट्रक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी वायोमिंगमधल्या शायेनहून वादळी पावसात त्यांनी टेकऑफ केलं. विमान कमाल वजनापेक्षा जड, विमानतळ सहा हजार फुटांच्या वर. विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) पडलं, तिघंही गेले. एनटीएसबीने दोष मुलीला दिला नाही. बिघडत्या हवेत निघायचा पायलटचा निर्णय हे कारण, आणि त्यामागे वेळापत्रक पाळायची ओढ, जिच्यात वृत्तवाहिन्यांना दिलेले शब्दही होते. त्याच वर्षी असल्या विक्रमांसाठी लायसन्स नसलेल्याच्या हाती विमान द्यायला कायद्याने बंदी आली.

आपल्यामागे वृत्तवाहिन्या नसतात, पण वाढदिवसाचं बुकिंग असतं, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांची परतीची तारीख असते. दबाव तोच. म्हणून मुलांना कधीही 'शनिवारी विमानातून जाणार' असं सांगत नाही. 'शनिवारी कोलंबियाला जाणार' असं सांगते. गाडीत पेट्रोल भरलेलं असतं. जोडीदारालाही न जायचा पूर्ण हक्क द्या, कारण विचारायचं नाही.

उतरल्यावर

पंखा पूर्ण थांबेपर्यंत सगळे पट्ट्यात. मग मॅग्नेटो (इंजिनाचं इग्निशन) बंद, चावी डॅशवर, पायलट आधी खाली, आणि मुलं एकेक करून हातात. पुन्हा एकदा हात धुवायचे. पिशव्या, डायपर, केळ्याच्या साली क्लबच्या विमानात ठेवून जाऊ नका. पुढच्या माणसाला आपण कोण ते कळतं.

परतीचा प्रवास हे नवीन उड्डाण आहे. हवामान नव्याने पाहा, वजन नव्याने मोजा (येताना दगड आणि जाम विकत घेतलेले असतात), आणि मुलं किती थकली आहेत ते बघा. निघायच्या आधीच त्या गावातल्या हॉटेलचा आणि भाड्याच्या गाडीचा फोन नंबर घेऊन ठेवा, आणि विमान रात्रभर बाहेर राहिलं तर क्लब किती आकारतो तेही विचारून ठेवा. बॅगेत एक रात्र पुरतील एवढे डायपर जास्तीचे टाका.